कूपरेजचा न झालेला गोल

नंदुरबारचे नाव घेताच बाहेरगावच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक येथील लाल मिरची. आणि दुसरा, ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारास सामोरा गेलेला शाळकरी शिरीषकुमार व त्याचे सोबती. फुटबॉलसाठी या गावाचे नाव कोणी घेत नाही, आणि कोणी घ्यावे असा आमचा आग्रहही नाही. तरीही आमच्या आयुष्यातील फुटबॉलचा सारा व्यवहार या गावाशी बांधला गेला आहे. सहा दशकांहून अधिक काळ आम्ही या खेळाचे प्रेक्षक आहोत. खेळाडू कधीच नव्हतो. खेळाचा इतिहास लिहिणारे खेळाडूंची नावे लिहितात, चषक लिहितात, वर्षे लिहितात; कठड्याला टेकून पाहणाऱ्याची साक्ष कोणी घेत नाही. ती घेतली जावी असे आम्हांस फार दिवस वाटत होते. परंतु साक्ष द्यायची तर ती खरी हवी. आणि आमची साक्ष पन्नास वर्षे खरी नव्हती. म्हणून हा लेख काहीसा इतिहास आहे आणि काहीसा कबुलीचा आहे. वाचकांनी दोन्ही नात्यांनी तो वाचावा.

आमचे वडील मूळचे वसईचे. पश्चिम रेल्वेत ते गार्ड होते. सुरतेजवळच्या उधन्याहून निघून व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करीत जळगावला मिळणारा जो तापी खोऱ्यातील लोहमार्ग आहे, त्यावर त्यांची बरीच नोकरी झाली आणि नंदुरबारच्या रेल्वे वसाहतीत आमचे बिऱ्हाड पडले. त्या वेळी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. आमच्या लहानपणी हा सारा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. गावात क्रिकेटचे वेड नुकतेच शिरत होते, कुस्तीचे जुने होते. फुटबॉल मात्र रेल्वे वसाहतीच्या मोकळ्या जागेतच दिसे. तोही पुष्कळदा चिंध्यांचा. खरा चामड्याचा चेंडू आमच्या वसाहतीत एकच होता आणि त्याचा फुगा फुटला की सुरतेहून नवा येईपर्यंत खेळ बंद पडे.

मुंबईची वर्तमानपत्रे गाडीने येत आणि आमच्या हाती शिळी पडत. वडील ड्यूटीवरून परतताना एखादा अंक हमखास आणीत व खेळाचे पान आम्हांस मोठ्याने वाचावयास लावीत. मराठी वाचन सुधारावे हा त्यांचा हेतू. वाचन किती सुधारले ते देव जाणे. पण डिसेंबर १९५६ मधील एक बातमी आम्ही इतक्या वेळा वाचली की ती पाठ झाली. मेलबर्न येथील ऑलिंपिकमध्ये भारताने १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला होता आणि त्या चारांपैकी तीन गोल एकाच खेळाडूचे होते. त्याचे नाव नेव्हिल डिसोझा.

आम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतो. आमच्या आळीत, आमच्या नात्यात, वसईपासून वांद्र्यापर्यंत डिसोझा आडनावाची माणसे होती. त्या आडनावाचा माणूस ऑलिंपिकमध्ये तीन गोल करतो, ही गोष्ट आम्हांस एखाद्या नातलगाने पराक्रम केल्यासारखी वाटली. नेव्हिल मूळचे गोव्यातील आसगावचे, जन्म १९३२ चा, आणि खेळले मुंबईत. ऑलिंपिकमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. हंगेरीचा संघ न आल्याने भारतास पहिली फेरी न खेळता पुढे जाता आले होते. ऑस्ट्रेलियाला हरवून तो उपांत्य फेरीत पोचला. तेथे युगोस्लाव्हियाविरुद्ध मध्यंतरानंतर पहिला गोल पुन्हा नेव्हिल यांनीच केला. पुढे तो सामना भारताने १-४ असा गमावला आणि तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना बल्गेरियाने ३-० असा जिंकला. चार वर्षांपूर्वी, १९५२ साली हेलसिंकीस, याच युगोस्लाव्हियाने आपला दहा गोलांनी धुव्वा उडविला होता आणि आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. हे लक्षात घेतले की मेलबर्नच्या चौथ्या क्रमांकाची किंमत कळते.

परंतु एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवली पाहिजे, कारण पुढील सारी हकीकत तिच्यावर उभी आहे. मेलबर्नचे ते तीन गोल आपल्या देशात कोणी पाहिले नाहीत. दूरचित्रवाणी दिल्लीत आली ती १९५९ साली आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. नेव्हिलचे गोल म्हणजे आमच्यासाठी छापील ओळी होत्या. चेंडू उजव्या पायाने मारला की डाव्या, जमिनीलगत गेला की उंचावरून, हे ज्याचे त्याने मनात रंगवायचे. आठ वर्षांच्या मुलाला त्यासाठी भरपूर वेळ असतो.

दर वर्षी सप्टेंबरात आमचे कुटुंब रेल्वेचा पास काढून वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेस जाई. ८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मोत्सव आणि त्यापुढे आठवडाभर जत्रा. नंदुरबारहून पॅसेंजरने सुरत, तेथे गाडी बदलून वसई, आणि वसईहून लोकलने वांद्रे असा तो प्रवास असे. वांद्र्यास आमची मावशी राहत असे. १९५८ सालच्या जत्रेच्या वेळी वडिलांनी आईला सांगितले, "तुम्ही मुलींना घेऊन डोंगरावर जा. मी याला जरा कोटात नेऊन आणतो." कोटात म्हणजे फोर्टात, जुन्या माणसांच्या तोंडी तोच शब्द होता. काय काम आहे हे आईने विचारले नाही. आम्ही चर्चगेटला उतरलो, ओव्हल मैदानाच्या कडेने चालत गेलो, आणि वडील एका गर्दीपाशी थांबून म्हणाले, "हे कूपरेज."

कूपर म्हणजे पिंपे बांधणारा कारागीर. गलबतांवर खारवलेले मांस व इतर जिन्नस ठेवण्यासाठी जी लाकडी पिंपे लागत, त्यांच्या कारखान्यावरून या जागेस हे नाव पडले, हे आम्हांस पुष्कळ नंतर कळले. त्या दिवशी आम्ही पाहिली ती माणसे. छत्र्या घेतलेले कारकून, गिरणीतून थेट आलेले कामगार, गोदीतले लोक, डोक्यावर हॅट ठेवलेले गोवेकर म्हातारे, इराणी, बोहरी, शीख. नंदुरबारच्या आठवडी बाजारातही इतक्या तऱ्हेची माणसे आम्ही एके ठिकाणी पाहिली नव्हती. आणि येथे तर कोणी काही विकत घ्यावयास आलेले नव्हते.

आमच्या शेजारी बाकावर एक वृद्ध गिरणी कामगार बसले होते. लहान मुलगा पाहून ते बोलू लागले. रोव्हर्स चषकाची पहिली स्पर्धा १८९१ साली झाली आणि ती वूस्टरशर रेजिमेंटने जिंकली; नंतर वर्षानुवर्षे ती गोऱ्या पलटणींचीच राहिली, हे आम्ही पुढे ग्रंथांत वाचले. त्या वृद्धाने सांगितले ते निराळ्या शब्दांत. ते म्हणाले, "पोरा, आम्ही साहेबाचा खेळ बघायला यायचो आणि साहेब हरावा म्हणून मनात बोलायचो." १९२३ साली कलकत्त्याचा मोहन बागान संघ अंतिम फेरीत आला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. त्यानंतर १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकला आणि पलटणींची परंपरा मोडली. तो दिवस आपण पाहिला असे ते सांगत होते. "माणसं रडत होती," असे ते म्हणाले. हैदराबाद पोलिसांच्या संघाने तर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला होता. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेच मेलबर्नला भारतीय संघाचे प्रशिक्षक होते, आणि पुढे १९६२ साली जकार्ता येथे त्यांच्याच हाताखाली भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले.

खेळाडू मैदानात आले तेव्हा पाऊस सुरू झाला. सामना तेल कंपनीच्या संघाचा होता. वडिलांनी आमच्या खांद्यावर हात ठेवून बोट दाखविले. "तो बघ नेव्हिल."

आम्ही काय पाहिले? एक सडपातळ तरुण चिखलात उभा होता. बराच वेळ तो काही करीतच नव्हता. चेंडू दुसऱ्या टोकाला असला की तो शांतपणे चालत असे आणि चेंडू येणार असे वाटले की एकाएकी धावू लागे. मैदान इतके ओले झाले होते की चेंडू मध्येच थांबे. एकदा तो गोलरक्षकासमोर एकटा गेला, सारा समुदाय उठून उभा राहिला, आणि पुढे उभ्या असलेल्या एका धिप्पाड माणसाच्या पाठीमुळे आम्हांस काहीही दिसले नाही. मोठा आवाज झाला. तो आनंदाचा होता की हळहळीचा, हे दहा वर्षांच्या मुलास कळले नाही. मग शिटी वाजली आणि लोक छत्र्या उघडून पांगले.

संध्याकाळी मावशीच्या घरी आम्ही भिजून पोचलो. आईने पंचाने आमचे डोके पुसता पुसता विचारले, "मग? कोणी केला गोल?"

आम्ही म्हणालो, "नेव्हिलने."

वडील दाराशी बूट काढीत होते. त्यांनी ते ऐकले. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि बूट काढणे पुढे चालू ठेवले. मावशीने टाळी वाजविली. मावसभावांनी गोल कसा झाला असे विचारले आणि आम्ही तो सांगितला. पहिल्यांदाच सांगत असल्यामुळे त्यात फारसा तपशील नव्हता. तपशील पुढे येत गेला.

त्याच वर्षी कॅलटेक्सने रोव्हर्स चषक जिंकला. ती बातमी नंदुरबारला आली तेव्हा वसाहतीतील मुलांमध्ये आमचा मान वाढला. कारण नेव्हिलला प्रत्यक्ष पाहिलेला आणि त्याचा गोल डोळ्यांनी पाहिलेला दुसरा कोणी त्या गावात नव्हता. खोटे बोलल्याची टोचणी पहिले काही महिने होती. मग ती बोथट झाली. आणि कधीतरी, नेमके कधी ते सांगता येणार नाही, तो गोल आम्हांस खरोखरच दिसू लागला. चेंडू डावीकडून आला, नेव्हिल वळला, गोलरक्षक चिखलात घसरला, जाळे हलले. हे चित्र आमच्या डोळ्यांसमोर आईच्या चेहऱ्याइतके स्पष्ट होते. खोटे बोलणारा मनुष्य सत्य जाणून असतो; आमची स्थिती त्याहून वाईट होती, कारण आम्ही ते जाणेनासे झालो होतो.

पुढे आम्ही शिक्षक झालो आणि नंदुरबारलाच एका शाळेत पस्तीस वर्षे मराठी व इतिहास शिकविला. संध्याकाळी मुलांबरोबर मैदानावर असू. मैदान म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा. तिच्या शेजारी हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या पडत. ज्यांनी नंदुरबार पाहिले नाही त्यांना सांगितले पाहिजे की पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालण्याची विस्तीर्ण जागा. दूरवर जमीन लालच लाल दिसते आणि वारा फिरला की डोळे झोंबतात. चेंडू पथारीत गेला की खेळ थांबे. जो मुलगा चेंडू आणावयास जाई, त्याने नंतर तासभर डोळ्यांना हात लावायचा नाही असा नियम होता. व्यापारी रागावत, मजूर स्त्रिया हसत.

आमच्या वसतिगृहात अक्राणी, तळोदा, नवापूर या भागांतील मुले असत. भिल्ल, पावरा, गावित. सातपुड्याच्या चढणी लहानपणापासून चढलेली ती मुले धावण्यात कोणास हार जात नसत. बूट एकाच्याही पायात नसे. त्यांना आम्ही रोव्हर्स चषकाचा इतिहास सांगत असू, अनवाणी खेळलेल्या भारतीय संघांचा इतिहास सांगत असू, आणि अर्थातच कूपरेजवर स्वतः पाहिलेला नेव्हिलचा गोल सांगत असू. मुलांनी त्या गोलास नावच दिले होते. डावीकडून आलेल्या चेंडूवर वळून फटका मारला की कोणीतरी ओरडे, "नेव्हिल मारला रे!" आम्हांस धन्यता वाटे. गोव्याच्या एका माणसाचे नाव सातपुड्याच्या पायथ्याशी क्रियापद झाले होते.

इकडे हे चालले असताना तिकडे मुंबईत काय घडत होते, ते इतिहासाच्या शिक्षकाने लक्षात घ्यावयास हवे होते. मुंबईचा फुटबॉल कंपन्यांच्या हजेरीपटावर जगत होता. टाटा, कॅलटेक्स, बर्मा शेल, मफतलाल, रेल्वे, बँका हे संघ खेळाडूस नोकरी देत. तो सकाळी कचेरीत सही करी आणि संध्याकाळी मैदानात उतरे. मफतलालच्या संघाने १९६५ साली रोव्हर्स चषक जिंकला तेव्हा गिरणगावाला तो आपला विजय वाटणे साहजिक होते. पण जो खेळ हजेरीपटावर जगतो, तो हजेरीपटाबरोबर जातो. सत्तरीच्या दशकात तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि कॅलटेक्स हे नावच आपल्या देशातून गेले. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि ज्या कामगारांनी कूपरेजची बाके भरत, त्यांच्या घरच्या चुली विझल्या. १९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि मोठ्या संघांचे वेळापत्रक तिच्याभोवती फिरू लागले. रोव्हर्स चषकाची शेवटची स्पर्धा २०००-०१ च्या हंगामात झाली. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली खरी, परंतु २०१० साली तो संघही कंपनीने बंद केला.

याच महाराष्ट्रात कोल्हापूरची गोष्ट निराळी आहे. तेथे फुटबॉल तालमींचा आणि पेठांचा आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ या नावांनी संघ खेळतात आणि शाहू स्टेडियमवर आजही पेठच्या पेठ लोटते. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेल्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हा केवळ योगायोग नव्हे. पेठेला निवृत्ती नसते आणि तालीम कोणी विकत घेत नाही. मुंबईत खेळाडू कंपनीचे होते, मैदान संघटनेचे होते. प्रेक्षकाकडे फक्त आठवण होती. म्हणून त्या प्रेक्षकाची आठवण तरी खरी असावयास हवी होती.

आमच्या वडिलांचे देहावसान १९९१ साली वसईस झाले. २००८ च्या उन्हाळ्यात जुन्या घराची कौले उतरविताना माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. तिच्यात त्यांच्या वह्या होत्या. गार्डाला गाडीच्या वेळा, उशीर, त्याची कारणे हे सारे लिहावेच लागे. ती सवय घरातही त्यांच्या अंगी राहिली होती. सुटीच्या दिवसांचीही दोन-दोन ओळींची नोंद ते स्वतःसाठी करून ठेवीत. १९५८ ची वही आम्ही मुद्दाम शोधली. त्या गोलाची नोंद आपल्या वडिलांच्या अक्षरात पाहावी, नातवंडांना दाखवावी, एवढाच हेतू होता. सप्टेंबरच्या पानावर लिहिले होते:

"वांद्रे जत्रा. कूपरेज. पाऊस. गोल नाही. पोर खूश."

आम्ही ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. प्रथम मनात आले ते हे, की वडिलांची चूक झाली असेल. पन्नास वर्षे मराठी-इतिहास शिकविण्यात व वाचण्यात घालविलेल्या माणसाच्या मनात हे आले, याची लाज वाटते. त्याच दिवशी लिहिलेली, कोणास दाखविण्यासाठी नसलेली, गाड्यांच्या मिनिटांचा हिशेब ठेवणाऱ्या हाताची नोंद एकीकडे. आणि दहा वर्षांच्या मुलाची पाठीमागून न दिसलेली आठवण दुसरीकडे. इतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थ्याने कोणता पुरावा ग्राह्य धरावा हे आम्ही वर्गात शेकडो वेळा सांगितले होते. मग हळूहळू तो धिप्पाड माणूस आठवला, त्याची ओली पाठ आठवली, आवाज आठवला, आणि गोल मात्र नाहीसा झाला. त्या जागी आता काही नाही.

वडिलांनी आम्हांस कधी खोडून काढले नाही. तेहतीस वर्षे त्यांनी तो गोल आमच्या तोंडून ऐकला. पाहुण्यांपुढे ऐकला, सुनेपुढे ऐकला. आम्हांस लज्जित करू नये म्हणून ते गप्प राहिले, असे पूर्वी आम्ही मानले असते. आज वाटते की त्यांनी दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या लेखी त्या दोहोंचे वजन सारखे असावे. गोल नाही, हे सत्य. पोर खूश, हेही सत्य. आम्ही दुसऱ्याच्या आधारावर पहिले खोडून टाकले, हा दोष आमचा, त्यांचा नव्हे.

पुढच्याच वर्षी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. आम्हांस चार शब्द बोलावयास सांगण्यात आले आणि आम्ही ती वही सोबत नेली होती. वही उघडून आम्ही सारे सांगितले. सभागृहात क्षणभर शांतता पसरली. पुढच्या रांगेत अक्राणी भागातील आमचा एक विद्यार्थी बसला होता. आता तो स्वतः सातपुड्यातील एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. तो उठून म्हणाला, "गुरुजी, आम्हांला तेव्हाच शंका होती. तुम्ही दर वर्षी गोल निराळ्या पायाने सांगायचा."

सारे हसले. आम्हीही हसलो. नंतर चहाच्या वेळी त्याने बाजूला येऊन विचारले, "मग आता पोरांना काय सांगू? ती अजून 'नेव्हिल मारला' म्हणतात." आम्ही त्याला सांगितले ते असे: मेलबर्नचे तीन गोल सांग, तारीख सांग, आणि आपल्यापैकी कोणी ते पाहिले नाहीत हेही सांग. फटक्याचे नाव बदलू नकोस. नाव ज्याचे आहे तो माणूस खराच होता. तो म्हणाला, "आणि कूपरेजचं?" आम्ही म्हणालो, "पाऊस होता, गोल झाला नाही, आणि तरीही एक मुलगा आयुष्यभर फुटबॉलचा झाला, एवढं सांग."

नेव्हिल डिसोझा १९८० साली वारले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्याही आत होते. भारताचा फुटबॉल संघ १९६० च्या रोम येथील स्पर्धेनंतर ऑलिंपिकमध्ये खेळलेला नाही. कूपरेजवर आता कृत्रिम गवत आहे. पाऊस पडला तरी तेथे पूर्वीसारखा चिखल होत नाही. आणि वांद्र्यास नेव्हिल यांच्या नावाचे फुटबॉल मैदान झाले आहे. मुंबई जिल्ह्याच्या लीगचे सामने तेथे होतात.

अलीकडे एका सप्टेंबरात जत्रेस गेलो असता आम्ही मुद्दाम तेथवर गेलो. गुडघे आता डोंगर चढू देत नाहीत; मैदान मात्र सपाट जागी आहे. दहा-बारा वर्षांची मुले खेळत होती. मध्यंतरात पाणी प्यावयास आलेल्या एका मुलास आम्ही विचारले, "हे नेव्हिल डिसोझा कोण, ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "प्लेअर होते ना, आजोबा? तुम्ही पाहिलंय त्यांना?"

प्रश्न ओळखीचा होता. पन्नास वर्षांचे उत्तर जिभेवर आलेही. आम्ही म्हणालो, "हो. एकदा पाहिलं. पावसात. त्या दिवशी त्यांनी गोल केला नाही."

मुलगा थोडा हिरमुसला. मग त्याने विचारले, "मग ते काय करत होते?"

आम्ही आठवून सांगितले, की चेंडू दूर असला की ते चालत आणि चेंडू येणार असे वाटले की धावू लागत. मुलाने बाटलीचे झाकण लावले, आम्हांस हात केला आणि तो मैदानात परतला. दुसऱ्या अर्धात तो बराच वेळ चालत राहिला. एकदा, चेंडू अजून डावीकडे पुष्कळ लांब असताना, तो एकाएकी धावू लागला. चेंडू त्याच्यापर्यंत आला नाही. सामना बरोबरीत सुटला. आम्ही घरी येऊन तारीख घातली आणि वहीत तेवढेच लिहिले.